कृष्णाकाठाने सायकलवर चला

जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाने 300 किलोमीटरहून लांब सायकलमार्ग आहे. पूर्वी घोडे काठावरच्या ज्या वाटांवरून बोटी ओढत, त्याच वाटांवरून तो बराचसा जातो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे सायकलवर तंबू बांधून तिथे निघतात. आपल्या कृष्णेला असा आखलेला मार्ग नाही, पण गावोगावचे रस्ते, घाट आणि देवळं आहेत. सातारा-सांगलीच्या माणसांनी हा प्रवास एकदा तरी करावा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरापासून करा. तिथून हरिपूरपर्यंतचं अंतर साधारण 200 किलोमीटर आहे. काठची गावं घेत गेलात तर वाढेल. घाई न करता पाच-सहा दिवस हाताशी ठेवा. पाचगणीहून खाली धोम धरणाचं पाणी दिसतं. पुढे पसरणीचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावा, अधूनमधून थांबा.

वाईत ढोल्या गणपतीचा घाट बघाच, पण मेणवलीलाही वाकडी वाट करा. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची पोर्तुगीज घंटा तिथे आहे. लिंबची बारा मोटेची विहीर, कृष्णा-वेण्णेचा संगम असलेली माहुली, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, बह्याचं रामलिंग बेट, औदुंबर आणि शेवटी वारणा जिथे मिळते ते हरिपूर, अशी ही ओळ आहे. मोटारीतून यातलं एखादंच ठिकाण बघून आपण परततो. सायकलवर मधली नदीही दिसते: कुठे ती वाहते, कुठे तुंबते, कुठल्या नाल्याचं सांडपाणी तिच्यात मिसळतं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ थांबून 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी कुठवर आलं होतं, ते तिथल्या माणसांनाच विचारा. नदी अशी पाहिलेला माणूस तिच्या प्रश्नांवर बोलताना ऐकीव बोलत नाही.

आता काळजीच्या गोष्टी, आणि त्या नीट ऐका. सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. पाण्यात उतरू नका, भांडीसुद्धा काठावर बसून घासू नका. तंबू नदीपात्रात किंवा काठालगत कधीच लावू नका. वर धरणं आहेत, पाणी सोडलं की पातळी वाढते. महाबळेश्वरच्या जंगलात गवे आहेत, तिथे परस्पर मुक्काम नको. मुक्काम गावातच करा. देवळाचं आवार, शाळेचं पटांगण, भक्तनिवास, काहीही चालेल. मात्र दिवस मावळायच्या आत पोहोचून सरपंच, पुजारी किंवा मुख्याध्यापकांना विचारा.

दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत हवा उत्तम असते, पण तोच उसाचा हंगाम. भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवाही नसतो. अंधारात सायकल चालवू नका. निदान चौघे मिळून जा. महागडी सायकल लागत नाही, गिअरची असली तर चढ सोपे जातात इतकंच. दोन जादा ट्यूब, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान मात्र जवळ हवंच. गावात मोटारसायकलचं दुकान सापडेल, तुमच्या मापाची ट्यूब सापडेलच असं नाही. रात्री थंडी पडते, जाड पांघरूण घ्या. कचरा पिशवीत भरून सोबत न्या.

काठावरच्या ग्रामपंचायतींनाही हात जोडून विनंती आहे. सायकलस्वाराला लागतं ते थोडंच: तंबूपुरती सपाट जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ, स्वच्छ शौचालय आणि 'इथे मुक्काम करता येईल' अशी पाटी. तो जेवण गावातच घेईल, दूध-भाजी गावातच विकत घेईल. डॅन्यूबकाठच्या कितीतरी छोट्या गावांत अशा प्रवाशांमुळे खाणावळी चालतात. आपल्याकडे सुरुवात एका गावाने केली तरी पुरे, शेजारचं गाव बघून शिकेल. आणि तुम्ही पाटीची वाट बघत थांबू नका. या दिवाळीनंतरची तारीख आजच चौघांत ठरवा.