नकाशात आपलं गाव दिसू द्या!

भारतात फोन केला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तुमचं तिकडे ठीक आहे रे, इकडे जंगलाबिंगलाचं कुणाला पडलंय?" मला हे अजिबात पटत नाही. पडलेलं असतं. पण काय तुटणार ते दिसतच नाही, मग बोलणार काय, कपाळ?

मी राहतो तिथून जवळच्या सांताक्रूझ डोंगरांतली गोष्ट घ्या. 2005 साली तिथल्या रहिवाशांच्या टपालात वृक्षतोडीची नोटीस येऊन पडली. सोबत एक पुसट, काळापांढरा नकाशा. कुणाला काही कळेना! रिबेका मूर या तिथेच राहणाऱ्या, गूगलमधल्या बाईंनी तोच आराखडा गूगल अर्थवर चढवला आणि गावच्या सभेत पडद्यावर डोंगरावरून फेरी मारून दाखवली. सुमारे हजार एकरांचा पट्टा, रेडवूडची झाडं, आणि ती उचलणारी हेलिकॉप्टरं शाळेजवळून उडणार! झोप उडाली सगळ्यांची. मागितलेला परवाना 2500 एकरांपेक्षा कमी लाकूडजमीन असणाऱ्यांसाठीच होता. कंपनीची त्याहून जास्त आहे हे शेजाऱ्यांनी नकाशावर मोजून दाखवलं. 2007 मध्ये अर्ज नामंजूर झाला.

आता आपल्याकडे या. माधव गाडगीळ समितीनं 2011 च्या अहवालात अख्ख्या पश्चिम घाटाचे सुमारे 9 किलोमीटरचे चौकोन पाडून संवेदनशील भाग ठरवले, आणि निर्णय ग्रामसभांपर्यंत न्या असंही सांगितलं. म्हणजे नकाशा होता! पण अहवाल लोकांसमोर यायलाच 2012 उजाडलं. तोवर गावात काय पोचलं? अफवा! पुढे 2014 ते 2024 मध्ये अधिसूचनेचा मसुदा सहा वेळा निघाला, सोबत गावांच्या लांबलचक याद्या. यादी वाचून कुणाला आपला डोंगर दिसतो का हो?

"उपग्रहाचे नकाशे आहेत की फुकट," असं म्हणाल. आहेत, पण तेही फसवतात. सरकारी मोजणीत किमान एक हेक्टर जागेवर 10 टक्के झाडांचं छत्र असलं की झालं वनाच्छादन, मग ती रबराची लागवड का असेना! वरून सगळं हिरवंच. देवराई कुठली आणि रबर कुठलं, हे गावातल्या माणसालाच ठाऊक.

म्हणून खाण असो की रस्ता, जनसुनावणीच्या आधी गट नंबरांच्या रकान्यांसोबत मोबाईलवर उघडणारा मराठी नकाशा मागा. त्यात वहाळ, पाणंद, देवराई, शाळा नावानिशी दिसली पाहिजे. नाही दिला तर गावातल्या कॉलेजच्या पोरांना बसवा, एका रविवारचं काम आहे. मी इथून रेषा मारून देईन, पण वहाळाचं नाव मला कुठून कळणार? ते तुम्हीच लिहायचंय.