आधी उदबत्ती लावा

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत रंगाची घाई सुरू होते. बाहेर श्रावणाच्या सरी चालू असतात, भिंत हाताला ओलसर लागते, आणि त्याच भिंतीवर आपण रंग चढवतो. देव येणार, मुंबईचे पाहुणे येणार, भिंत चांगली दिसली पाहिजे! दिवाळीपर्यंत त्या रंगाचे पापुद्रे निघायला लागतात. पुढच्या चवथीला पुन्हा तोच रंगारी, तोच डबा, फक्त भाव वाढलेला. ही दरवर्षीची उधळपट्टी आपण रीत म्हणून स्वीकारली आहे, आणि मला तिचीच चीड आहे.

घरात ओल येवो की गार वारा शिरो, तो कुठून येतो हे न शोधता उपायावर पैसे घालणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. आम्ही कारकून मंडळी बदनाम खरी, पण कारण न लिहिता खर्चाची टिपणी वर पाठवली तर साहेब ती परत पाठवतात. घरच्या बाबतीत मात्र आपण कारणाचा रकाना कोरा ठेवून थेट बिल मंजूर करतो.

थंड देशांतलं उदाहरण घेऊ. टोरांटोच्या बाजूला आपली पुष्कळ गोंयकार मंडळी आहेत, आणि नवीन गेलेली मुलं बहुधा कुणाच्या तरी तळघरात भाड्याने राहतात. हिवाळ्यात तिथे पायाशी गार झोत लागतो. पहिला उपाय काय, तर हीटर आणा! खरं कारण बऱ्याचदा वर असतं. घरातली गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि माळ्यावरच्या फटींतून बाहेर पडते. तिची जागा भरायला बाहेरची गार हवा खालून ओढली जाते. पाया आणि लाकडी सांगाडा जिथे टेकतात तिथली सांध, खिडकीची चौकट, कपडे वाळवण्याच्या यंत्राचा पाइप, नळ आणि वायरी आत येतात ती भोकं, असे तिचे रस्ते. म्हणून जाणता माणूस तळघराइतकाच माळाही तपासतो. आणि तो डोळे मिटून सगळं बंदही करत नाही, कारण गॅसवर चालणारी भट्टी त्याच घरात असेल तर तिला हवा लागते. ती कोंडली तर चिमणीतला विषारी वायू उलटा घरात येऊ शकतो.

आपल्या जुन्या घरांत हवा अशीच खालून वर जाते. फरक एवढाच, की तिथे ती चुकून राहिलेल्या फटींतून जाते आणि इथे आपल्या पूर्वजांनी तिच्यासाठी मुद्दाम वाट ठेवली होती. जोतं उंच, भिंती चिऱ्याच्या आणि जाड, मधे राजांगण, दारांवर झरोके, वर मंगळुरी कौलं. कौलं एकमेकांवर नुसती बसवलेली असतात, त्यांच्या सांध्यांतून तापलेली हवा निघून जाते आणि खालून ताजी आत येते. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात ही घरं पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती काय रंगाच्या डब्यावर?

आता आपण काय केलं ते बघा. कौलांखाली फॉल्स सीलिंग ठोकलं. लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या, ज्या उघडल्या तरी अर्ध्याच उघडतात. राजांगणावर पत्रे घातले. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापलं, त्यावर पाणी अडवणारा रंग. चिरा सच्छिद्र, तो जमिनीतलं पाणी वर ओढतो. पूर्वी ते पाणी चुन्यातून हळूहळू सुकून जायचं. आता बाहेर पडायला वाव नाही, म्हणून ते भिंतीतच आणखी वर चढतं, लोणा फुटतो आणि गिलावा पोकळ वाजू लागतो. वर अंगणात भिंतीला लागून पेव्हर घातले, त्यामुळे पागोळ्यांचं पाणी मुरण्याऐवजी उसळून भिंतीवरच येतं. आणि सरकारी कृपा वेगळीच. जुना थर न खरवडता वर्षानुवर्षं हॉटमिक्सवर हॉटमिक्स चढत गेलं, तशी कित्येक घरांची जोती रस्त्याच्या खाली गेली. अशा घराला आतून रंग लावून काय होणार, कपाळ?

कुणी म्हणेल, तुम्हाला बोलायला काय, फटी उघड्या ठेवल्या तर साप येतो, वाघळं येतात, डास येतात. बरोबर आहे. पण त्याला जाळी लावता येते, सिमेंट कशाला? दुसरं कुणी म्हणेल, आमच्याकडे एसी आहे. मग ती एक खोली नीट बंद करा, पाइपच्या भोकासकट. घरभर तोच न्याय लावू नका. एसीने गार केलेल्या भिंतीची पलीकडची बाजूही गार होते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर 26 अंशांच्या आसपास किंवा त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम फुटतो. कपाटामागची काळी बुरशी पुष्कळदा अशीच येते, आणि आपण दोष देतो सुताराला.

उलट, 'खिडक्या उघडा म्हणजे झालं' असं सांगणारेही मला तितकेच अर्धवट वाटतात. गुळगुळीत टाइल्सना घाम येतो तेव्हा पाणी बहुधा जमिनीतून आलेलं नसतं, बाहेरची दमट हवा गार फरशीला लागलेली असते. त्या वेळी खिडक्या सताड उघडल्या तर घाम वाढेल. म्हणजे कधी बंद करायचं, कधी उघडायचं, हे कारणावर अवलंबून. कारण शोधायला मात्र कुणी तयार नाही.

आणि शोधायला खर्च किती येतो? एक उदबत्ती. वाऱ्याच्या दिवशी पंखे बंद करा, दारं-खिडक्या लावा आणि पेटलेली उदबत्ती चौकटीजवळ, दाराखाली, स्विचबोर्डाशी, सीलिंगच्या कडेला धरा. धूर खोलीत ढकलला जातो तिथून हवा आत येते, फटीत ओढला जातो तिथून ती बाहेर जाते. ओलीसाठी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडची बाजू ओली, तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली, तर ते हवेतलं आहे.

मग डाग बघा. जमिनीपासून मांडीइतका सलग पट्टा असेल तर ओल खालून चढतेय. झड आल्यावर खिडकीच्या कोपऱ्यातून उतरणारा डाग पावसाचा. पश्चिमेच्या अशाच भिंतींना पूर्वी चुडतांच्या झडी बांधायचे, उगाच नव्हे. भिंतीच्या माथ्यावरचा डाग फुटलेल्या कौलाचा किंवा तुंबलेल्या पन्हाळीचा. आणि एप्रिलच्या उन्हातही न सुकणारा डाग असेल तर आधी नळाची लाइन तपासा.

हे सगळं सांगायचं कारण फक्त रंगाचे पैसे नव्हेत. खालच्या खोलीत बहुतेक घरांत म्हातारी माणसं झोपतात, जिना चढवत नाही म्हणून. बुरशीने दम्याचा त्रास वाढतो, तो त्यांना आणि नातवंडांना. दमट लाकडाला वाळवी लागते, वासा आतून पोखरतो, आणि एखाद्या आषाढात छप्पर खाली येतं. मग आपण म्हणतो जुनं घर राहिलं नाही, विकून टाकूया. गोव्यातल्या घरांसाठी तोर्ड्याला जेरार्ड द कुन्हा यांनी संग्रहालय उभारलं, फार चांगलं केलं. पण आपलं राहतं घर आपण स्वतःच पोखरायचं आणि मग संग्रहालयात जाऊन हळहळायचं, हे काही बरं नव्हे.

तेव्हा यंदा रंगाऱ्याला बोलावण्याआधी घरातल्या घरात एवढं करा. ओल कुठली ते कळेपर्यंत रंगाचा डबा आणू नका. चवथीला माटोळी बांधली, समई लावली, की भिंतीवरचा डाग देवाला खुपत नाही. पाहुण्यांना खुपला तर खुशाल खुपू दे. खरं काम पाऊस गेल्यावर, भिंत सुकल्यावर करा: पन्हाळी साफ करा, भिंतीलगतचे हातभर पेव्हर काढून पाण्याला बाहेर उतार द्या, सिमेंट उडवून चुना लावा. आणि पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, नवा हॉटमिक्स घालण्याआधी जुना थर खरवडणार की नाही?