राउंडला नर्स गप्प का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वॉर्डात राउंड चालू होता. न्यूमोनियाच्या एका रुग्णाला मी पेनिसिलिन गटातले इंजेक्शन लिहिले. ॲलर्जी विचारायची राहून गेली. या औषधाने त्याच्या अंगावर पूर्वी गांधी उठल्या होत्या, हे त्याच्या बायकोने सकाळीच एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीला सांगितले होते. ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती, पण बोलली नाही. राउंड संपल्यावर तिने इन्चार्ज सिस्टरना सांगितले आणि इंजेक्शन थांबले.

‘‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’’ मी विचारले.

‘‘सर, राउंडला आम्ही बोलत नाही.’’

दोष तिचा नव्हता. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ लिओनार्ड स्टाइन यांनी १९६७ मध्ये याला ‘डॉक्टर-नर्स खेळ’ म्हटले होते. नर्सने सुचवायचे, पण तिने सुचवले असे दिसू द्यायचे नाही.

या सहकार्याविषयीची वृत्ती मोजण्यासाठी अमेरिकेतील जेफर्सन मेडिकल कॉलेजमध्ये १५ विधानांची प्रश्नावली तयार झाली. ती अनेक देशांत वापरली गेली. बहुतेक ठिकाणी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा कल वैद्यकीय विद्यार्थ्यांपेक्षा सहकार्याकडे अधिक दिसला. म्हणजे मुलींची तयारी आहे. कमी पडतो तो आम्ही डॉक्टर.

बोलण्याने फरक पडतो का? शस्त्रक्रियेआधी टीममधील प्रत्येकाने नाव व काम सांगायचे, नर्सनेही शंका मांडायची, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी यादीत आहे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सारे श्रेय संवादाचे नाही; पण तो त्या यादीचा महत्त्वाचा भाग आहे.

नर्सिंग शिक्षणाच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये नवा कायदा केला. कायद्याने अभ्यासक्रम सुधारेल, पण वॉर्डातली भीती जाणार नाही. त्यासाठी एमबीबीएस आणि नर्सिंगच्या मुलांनी काही तास तरी एकाच खाटेशेजारी एकत्र शिकायला हवे.

आता प्रत्येक रुग्णापाशी मी पेन ठेवण्याआधी विचारतो, ‘‘सिस्टर, काही राहिलं का?’’ पहिले काही आठवडे कोणी उत्तर दिले नाही. मग एकीने दिले. तुमचा माणूस दाखल असेल, तर ॲलर्जी डॉक्टरांना सांगा, सिस्टरनाही सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.