पिशवीबरोबर अंडाशये?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. २०१९ साली हा आकडा गाजला. उचल, मुकादम, पाळीमुळे बुडणारा रोज, खासगी दवाखाने या सगळ्यांवर बोलले गेले, आणि ते आवश्यकच होते. पण स्त्रीरोगतज्ज्ञांनी विचारायचा प्रश्न मागे पडला: पिशवीबरोबर किती जणींची अंडाशयेही गेली?

पाळी सुरू असलेल्या वयात दोन्ही अंडाशये काढली, की इस्ट्रोजेन काही तासांत कोसळते. याची झळ हाडांपुरती राहत नाही. कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅकइवन यांनी १९९०च्या सुमारास दाखवले, की अंडाशये काढलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये हिपोकॅम्पसच्या चेतापेशींवरचे सूक्ष्म काटे विरळ होतात आणि एस्ट्रॅडिओल दिल्यावर पुन्हा दाट होतात. याच काट्यांवर पेशींची जोडणी होते. मॉन्ट्रियलमध्ये बार्बरा शेरविन यांनी अशा शस्त्रक्रियेनंतर काही स्त्रियांना इस्ट्रोजेन दिले, काहींना प्लासिबो. शब्दस्मृती पहिल्या गटात टिकली, दुसऱ्या गटात घसरली. मायो क्लिनिकच्या वॉल्टर रोक्का यांच्या गटाने २००७ मध्ये नोंदवले, की रजोनिवृत्तीपूर्वी अंडाशय काढलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, आणि शस्त्रक्रियेचे वय जितके कमी तितका तो जास्त. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी निरोगी अंडाशयावर चिमटा लावताना हात थांबावा, इतके बळ त्यात नक्की आहे.

मग इस्ट्रोजेन द्यायला आपण का कचरतो? २००३च्या ‘व्हिम्स’ चाचणीत संयुक्त हार्मोन घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश दुप्पट दिसला, हे खरे. पण त्या स्त्रिया ६५ वर्षांपुढच्या होत्या. ती भीती अडतिशीत अंडाशये गमावलेल्या बाईला लावणे अन्यायाचे आहे. निषेध नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन द्यायलाच हवे. उलट, वयानुसार पाळी गेलेल्या बाईला केवळ विसरभोळेपणासाठी ते देण्याला आधार नाही.

कागदावर हे सोपे. सहा महिने फडावर, कोपीत राहणारी बाई दहा-बारा वर्षे गोळी कुठून आणणार? म्हणूनच कर्करोग किंवा बीआरसीए दोषासारखे ठोस कारण नसेल, तर तिची अंडाशये जागेवर ठेवणे हाच तिच्यासाठी खात्रीचा उपचार. काढावीच लागली, तर संमतीपत्रात तिला समजेल अशा मराठीत तसे लिहा आणि डिस्चार्ज कार्डावर ‘अंडाशये काढली’ की ‘ठेवली’ हे ठळक नोंदवा. कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याजवळच्या डॉक्टरला तेवढाच आधार असतो. फेरतपासणीत टाक्यांबरोबर झोप आणि विसरण्याचीही चौकशी करा. ती आपणहून सांगत नाही.

यापुढे या मासिकाकडे गर्भाशय-शस्त्रक्रियेवरचा लेख पाठवताना प्रत्येक रुग्णाच्या अंडाशयांची नोंद द्यावी. ती नसलेला लेख आम्ही परत पाठवू.