स्ट्रोक वाढला म्हणजे शक्ति वाढली काय?

मोटारीचें इंजिन जितकें मोठें तितकें तें बलवान, असा एक ढोबळ समज आहे. तो सर्वस्वी खोटा नाहीं. परंतु इंजिन कोणत्या बाजूनें मोठें केलें, हा प्रश्न त्यांत राहून जातो. वेगवान गाड्यांचा नाद असलेले अमेरिकेंतील हौशी कारागीर पुष्कळदां इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरांतील दट्ट्याच्या एका खेपेची लांबी, वाढवितात. त्यानें नेमकें काय साधतें, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

शेव्हरोले कंपनीचें ३५० घनइंचांचें, आठ सिलिंडरांचें इंजिन घ्या. त्याच्या सिलिंडराचा व्यास ४ इंच व स्ट्रोक ३.४८ इंच. त्याच कंपनीच्या ४०० घनइंची इंजिनाचा, ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक त्यांत बेतून बसविला व सिलिंडर ०.०३ इंचानें रुंद केले, कीं ३८३ घनइंच भरतात. दर खेपेस अधिक हवा व इंधन आंत येतें. क्रँक फिरविणारें बळ, म्हणजे टॉर्क, मंद गतींतच वाढतें. चढावर किंवा जागेवरून निघतांना हा फरक तत्काळ जाणवतो.

मात्र ही देणगी फुकटची नव्हे. मिनिटास ६,००० फेरे होतांना मूळ इंजिनाचा दट्ट्या मिनिटास सरासरी ३,४८० फूट धांवतो. लांब स्ट्रोकचा ३,७५० फूट. प्रत्येक खेपेच्या टोकास त्याला थांबून उलट फिरावें लागतें, आणि तो हिसका स्ट्रोकच्या प्रमाणांत, तर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. शिवाय झडपा जुन्याच ठेवल्या, तर मोठ्या इंजिनाचा श्वास लौकर कोंडतो. म्हणून फेरे आवरावे लागतात.

उलट उदाहरणही ह्याच कुळांतलें आहे. १९६७ सालच्या कॅमारो झेड-२८ गाडीस ट्रान्स-ॲम शर्यतींची ३०५ घनइंचांची मर्यादा पाळावयाची होती. तेव्हां व्यास ४ इंचच ठेवून स्ट्रोक केवळ ३ इंच केला. आकारमान ३०२ घनइंच झालें. ह्याचा दट्ट्या ७,००० फेऱ्यांनाही मिनिटास ३,५०० फूटच धांवतो.

ह्यांतील मर्म असें, कीं दट्ट्यावरील सरासरी दाब व त्याचा वेग समान धरल्यास अश्वशक्ति दट्ट्यांच्या क्षेत्रफळावरच ठरते. स्ट्रोक हिशेबांतून गळून जातो. लांब स्ट्रोकची खरी कामगिरी म्हणजे तीच शक्ति कमी फेऱ्यांत हातीं देणें.

घरांतील एखाद्या तरुणानें इंजिन उघडण्याचा घाट घातला, तर वडीलधाऱ्यांनीं "किती घनइंच?" एवढेंच विचारूं नये; "किती फेऱ्यांवर, आणि कोणत्या रस्त्यासाठीं?" हेंही विचारावें. त्याचें उत्तर तयार नसेल, तर पाना खालीं ठेवणेंच शहाणपणाचें.