राजालाही न मिळालेला चमचा

नोव्हेंबर लागला की ऑफिसच्या पँट्रीत तीन गोष्टी हमखास दिसतात. कुणाचा तरी मफलर, डिंकाचे लाडू आणि च्यवनप्राशची बरणी. यंदा आमच्या टीममध्ये बरणीवरूनच सॉलिड वाद झाला. एकाने ‘ओरिजिनल अष्टवर्गयुक्त’ मागवलं, नेहमीच्या तिप्पट भावाने. का? तर ‘बॉस, यात खरं हिमालयन ऑर्किड आहे!’ आता ऑर्किड म्हटलं की आपल्याला रिसेप्शनवरची जांभळी फुलं आठवणार. ती चमच्याने खायची? लागलो शोधाला.

तर फंडा असा आहे. चरकसंहितेतल्या च्यवनप्राशला ५०० आवळे लागतात आणि सोबत औषधींची लांबलचक यादी. तिच्यात जीवक, ऋषभक, मेदा, ऋद्धी अशी नावं येतात. अशा आठजणींचा ग्रुप म्हणजे अष्टवर्ग. त्यातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार आज ऑर्किड म्हणून ओळखल्या जातात. (म्हातारे च्यवन ऋषी तरुण झाले ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. आमच्या एचआरमध्ये मात्र असा चमत्कार अजून झालेला नाही.)

जीवक म्हणजे क्रेपिडियम अक्युमिनाटम. दिसायला एकदम साधं. वीत-दीड वीत उंची, मोजकी पानं, पावसाळ्यात येणारी बारीक फुलं. हिमाचल-उत्तराखंडच्या जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्यात उगवतं. बुकेवाला त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. औषधात जातो तो खोडाच्या बुडाशी असलेला फुगीर गड्डा, आणि गोची तिथेच आहे. तुळस खुडली की परत फुटते. जीवकाचा गड्डा उपटला की झाड खल्लास. वाळल्यावर त्याचं वजन काहीच भरत नाही. म्हणजे किलोभर मालासाठी जंगलाचा केवढा तुकडा रिकामा होत असेल, हिशेब करा.

बरं, बी टाकून उगवावं म्हणाल, तर ऑर्किडचं बी धुळीसारखं. त्यात अंकुरासाठी शिदोरीच नसते. मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं. जीवकाची रोपंही लॅबमध्ये टिश्यू कल्चरने तयार झाली आहेत. पण बाटलीतून निघून जंगलातल्या मातीत टिकणं, हा त्या रोपाचा वेगळाच इंटरव्ह्यू असतो.

मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे भावमिश्र. सोळाव्या शतकातला वैद्य, ‘भावप्रकाश’चा कर्ता. तो सरळ सांगून टाकतो की अष्टवर्ग राजालासुद्धा मिळणं मुश्कील, तेव्हा वैद्याने त्याच गुणांचं दुसरं काही वापरावं. जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, मेदा-महामेदाऐवजी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. म्हणजे ज्याला आपण आज नाक मुरडून ‘डुप्लिकेट’ म्हणतो, त्याला चारशे वर्षांपूर्वीच ग्रंथात ऑफिशियल मान्यता मिळालेली आहे! तेव्हा तर जंगलंही आजच्यापेक्षा दाट होती.

मग ‘ओरिजिनल’चा हट्ट नक्की कुणासाठी? तिप्पट भावाच्या बरणीत जीवक नसेल, तर पैसे गेले. असेल आणि ते लागवडीचं असेल, तर फारच छान, कंपनीने तसं लिहावं. तिसरी शक्यता मात्र मला चमचा तोंडात घालू देत नाही. आणि हो, परदेशातल्या ताईला या मुळ्या पाठवायचा विचार असेल तर थांबा. जगातलं झाडून सगळं ऑर्किड कुळ साइट्स कराराच्या यादीत आहे. परवान्याशिवाय ते सीमेपलीकडे नेता येत नाही.

काष्ठौषधीच्या दुकानात अष्टवर्ग मागितल्यावर काकांनी समोर शतावरी-अश्वगंधा ठेवली, तर हुज्जत घालू नका, ते भावमिश्राचंच ऐकताहेत. पण ‘आठच्या आठ ओरिजिनल, पाहिजे तेवढं देतो’ असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारा, ‘काका, आणलं कुठून?’