नोएडातला खांब आणि आपली माणसं

दिल्लीला पोस्टिंग आलं की फौजीच्या घरी पाहुण्यांची रांग लागते. माझा रूट ठरलेला आहे. मेहरौलीत आधी योगमायेचं दर्शन, मग चार पावलांवर अधमखानाची कबर. १५६२ साली अकबराने याला आग्र्याच्या किल्ल्यावरून खाली फेकायला लावलं होतं. पुढे एका इंग्रज अधिकाऱ्याने याच कबरीत बिऱ्हाड थाटलं! अंधार पडला की गच्चीवरच्या एखाद्या बारमध्ये, समोर कुतुबमिनार आणि हातात थंड बिअर.

दुसऱ्या ग्लासाला प्रश्न येतोच, "इथे आपल्या मराठ्यांचं काय आहे रे?"

मग दुसऱ्या दिवशी गाडी नोएडाकडे. तिथल्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीत एक दगडी खांब उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात दौलतराव शिंद्यांचे कवायती कंपू आणि जनरल लेकची फौज भिडली. लेकने घोडदळ मागे घेऊन पळाल्याचं सोंग केलं. आपले लोक मोक्याची जागा सोडून पाठलागावर निघाले आणि समोर इंग्रजांचं पायदळ संगिनी लावून उभं! एनडीएतल्या कॅडेटलाही कळावी अशी ही चूक. सेनापती लुई बूर्क्यां काही दिवसांतच शरण गेला आणि दिल्ली गेली.

तो खांब आपण नाही, इंग्रजांनी उभारला, १९१६ साली. हरलेल्यांची आठवण जिंकणाऱ्याने कोरावी, हे मला बोचतं.

पण त्याहून जास्त बोचतं ते "आपले किती मेले?" या प्रश्नातलं 'आपले'. त्या कंपूंमधले बहुतेक शिपाई सातारा-पुण्याचे नव्हतेच. ते होते अवध, रोहिलखंड, दोआबातले. निशाण शिंद्यांचं आणि मरणारा पुरबिया. माझ्या युनिटमधली अर्धी पोरं आज त्याच मुलखातली आहेत. त्यांच्या घरी कुणी त्यांना 'मराठ्यांचे शिपाई' म्हणून आठवत नाही, आणि आपणही नाही. दोन्हीकडून बेवारस.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: दिल्लीवर भगवा फडकला हे अभिमानाने सांगायचं असेल, तर तो ज्यांनी धरून ठेवला त्यांनाही आपलं म्हणा. मराठी नसले तरी.

पाहुणे थोडा वेळ गप्प बसतात. मग मी त्या खांबाला एक कडक सॅल्यूट ठोकतो आणि आम्ही परत फिरतो.